पिंपळावर ड्रोन गेला तेव्हा

माझ्या भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी घरात मोठा वाद झाला, तो डीजेवरून. ड्रोनचं नाव त्यात कुणी काढलंच नाही. वाद मिटला तेव्हा सगळ्यांना वाटलं, घ्यायची ती काळजी घेऊन झाली.

माझं माहेर जळकोटच्या पुढं, माळाच्या उतारावरचं गाव. लग्न होऊन मी नांदेडला गेले, तिथं विष्णुपुरीच्या रस्त्याला माझं शिवणकामाचं दुकान आहे. गावात थोरला भाऊ राहतो. त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. आम्ही लिंगायत, आजोबांपासून किराणा दुकान. दुकानाच्या समोर महादेवाचं देऊळ आणि देवळाला लागून पिंपळ. दिवाळी झाली की त्या पिंपळावर आग्या माश्यांची मोहोळं बसायची. सुपाएवढी, काही तर दुरडीएवढी, काळी, फांदीखाली लटकलेली. करडई फुलून, सूर्यफूल होऊन ऊन तापलं की एखाद्या सकाळी माश्या उठून जायच्या आणि फांदीला नुसतं पांढरं मेण राहायचं.

गावाने त्यांच्याशी एक रीत ठेवली होती. मोहोळं असेपर्यंत पिंपळाखाली कुणी चूल मांडायचं नाही, धूर करायचा नाही. लग्नाचा बँडबाजा आला की गल्लीच्या कोपऱ्यावर थांबायचा. तिथून देवळापर्यंत वऱ्हाड मुकाट चालायचं, नवरदेव पाया पडून यायचा, आणि परत कोपऱ्यावर आलं की वाजंत्री सुरू. मी लहान असताना मला तो मुका तुकडाच लग्नातला सगळ्यात भारी भाग वाटायचा. एवढी माणसं आणि नुसता चपलांचा आवाज. वर पाहायचं नाही, असं आई हाताला चिमटा काढून सांगायची.

तालुक्याचा रस्ता रुंद झाला तेव्हा दुतर्फाची जुनी चिंचेची आणि कडुलिंबाची झाडं गेली. पुढच्या थंडीत आमच्या पिंपळावरची मोहोळं एकदम वाढली. जायचं कुठं त्यांनी? अण्णा तेव्हा म्हणाला होता, "आता गल्लीत आपली वस्ती कमी अन् त्यांची जास्त." तरी काही झालं नव्हतं. एखाद्याला एखादी चावली, चुना लावला, संपलं.

भाचीचं लग्न माघात ठरलं. भाचा, म्हणजे अण्णाचा मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. बहिणीच्या लग्नाची सगळी व्यवस्था त्याने अंगावर घेतली होती. डीजे लातूरचा, शूटिंगवाला लातूरचा, रंगीत धूर सोडणारे नळे, काय काय आणलेलं. आदल्या दिवशी दुपारी डीजेची गाडी गावात शिरली आणि वेशीजवळ त्यांनी आवाज तपासायला एक गाणं लावलं. दुकानातल्या बरण्यांची झाकणं थरथरली. अण्णा वजन करता करता थांबला. त्याने भाच्याला बोलावलं आणि सांगितलं की हे देवळापाशी येणार नाही.

भाचा म्हणाला की सगळीकडं वाजतो, कुठं काय होत नाही. वहिनी म्हणाली की मुलाकडच्यांना वाईट वाटेल. मी मधे पडले आणि भाच्याला पिंपळाखाली घेऊन गेले. वर पाहायला सांगितलं. त्याने पाहिलं. गावातच वाढलेला पोरगा, पण शिकायला बाहेर गेल्यापासून थंडीच्या दिवसात तो कधी गावात आलेला नव्हता. मग म्हणाला, "आत्या, लई झाली की ही." घरी येऊन त्याने डीजेवाल्याला सांगून टाकलं की कोपऱ्यावर बंद करायचं, आणि धुराचे नळे पिंपळापासून लांब, मांडवाच्या पलीकडं. अण्णाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी सगळे हसतखेळत जेवलो.

लग्नाच्या सकाळी नवरदेवासाठी उदगीरहून घोडी आली. घोडीवाले चाचा आमच्या घरच्या बऱ्याच लग्नांना येऊन गेलेले. त्यांच्या वडिलांच्या घोड्यावर माझा नवरा बसला होता. घोडी पांढरी, कपाळावर आरशाचं भरतकाम केलेली पट्टी. चाचांनी पिंपळाकडं एकदा पाहिलं आणि मला विचारलं, "बाई, बाजा बंद रहेगा ना इधर?" मी सांगितलं, राहील, सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्यांनी मान हलवली.

लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत देवाला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. शाळेत उतरलेलं वऱ्हाड उन्हं चढल्यावर निघालं. डीजे कानठळ्या बसवत कोपऱ्यापर्यंत आला आणि बंद झाला. मी दुकानाच्या पायरीवर होते. माझ्या जिवाला लागलेला घोर तिथंच संपला. माणसं मुकाट चालू लागली, चपलांचा तसाच आवाज. नवरदेव उतरून देवळात गेला. चाचांनी घोडी देवळाच्या बाजूच्या लोखंडी कडीला बांधली आणि ते हातपाय धुवायला हौदाकडं गेले.

तेव्हा मला डोक्यावर बारीक गुणगुण ऐकू आली. आधी वाटलं माश्याच. पण आवाज सरळ होता, एका सुरात, चढउतार नसलेला. वर पाहिलं तर ड्रोन. शूटिंगवाला माझ्याच वयाचा माणूस, गळ्यात पट्टा अडकवून हातातल्या पडद्याकडं बघत होता. नवरदेव देवळातून बाहेर पडताना त्याला वरून घ्यायचं होतं. चांगलं चित्र यावं म्हणून त्याने ड्रोन मागं घेतला, मागं घेता घेता पिंपळाच्या शेंड्यावर नेला, आणि तिथून हळूहळू खाली उतरवू लागला. तो माणूस झाडाकडं बघतच नव्हता. त्याला पडद्यावर जे दिसत होतं तेवढंच दिसत होतं.

अण्णा दुकानातून ओरडत बाहेर आला. "ते खाली घे! अरे, झाडावरून काढ ते!" शूटिंगवाल्याने दचकून मान वर केली. त्याचा हात हलला असावा. ड्रोन फांदीला लागला.

पिंपळ जसा काही सुटला. मला दुसरा शब्द सुचत नाही. फांदीखालचं काळं एकदम सैल होऊन खाली ओघळलं आणि मग ते काळं हवेतच उभं राहिलं, आणि त्याचा आवाज आला. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. ऐकून पाय आधी पळतात, माणूस नंतर.

गल्लीत माणसं एकमेकांवर आदळली. कुणी शाळेकडं, कुणी मांडवाकडं. मी वहिनीला आत ओढलं, पण तिने माझा हात झटकला, कारण बाहेर मांडवात बायका अडकल्या होत्या. ती तिकडं धावली, तिच्या मागं मी. मांडवाच्या बाजूला जाड कापडाच्या कनाती लावलेल्या होत्या. इतकी वर्षं कापड हाताळून हातालाच ते कळलं असावं. मी दोऱ्या तोडून कनात खाली पाडली आणि दिसेल त्या बाईला तिच्याखाली ढकलत गेले. वहिनीने दुसरी पाडली. आत अंधार, घामाचा आणि मोगऱ्याचा वास, लेकरांची रडारड. कापडावर पाऊस पडावा तसं वरून टपटप वाजत होतं. कुणीतरी आत शिरलेली माशी चपलेने मारायला लागलं तर एक म्हातारी म्हणाली की मारू नका, एक मारली की दहा येतात.

कनातीच्या फटीतून मला देवळासमोरचं अंगण दिसत होतं. तिथं नवरदेवाच्या म्हाताऱ्या आत्याबाई जमिनीवर बसल्या होत्या. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, पळता आलं नाही, पदर डोक्यावर ओढून त्या तशाच बसल्या. आणि अण्णा त्यांच्याकडं चालत निघाला होता. पळत नव्हता. त्याने खांद्यावरचं उपरणं त्यांच्यावर टाकलं आणि स्वतः त्यांच्या अंगावर ओणवा झाला. त्याचा सदरा पांढरा होता. बघता बघता पाठीवर तो पांढरा राहिला नाही.

मी ओरडले का, मला आठवत नाही. वहिनी ओरडली. ती बाहेर जायला धडपडत होती आणि बायकांनी तिला दाबून धरलं होतं.

त्याच वेळी घोडी किंचाळली. ती कडीला बांधलेली. मागचे पाय झाडत होती, भिंतीवर आदळत होती. हौदाकडून चाचा आले, अंगावर भिजवलेलं घोंगडं घेऊन. कुणीतरी देवळातून त्यांना हाका मारून परत बोलवत होतं. ते थांबले नाहीत. म्हणाले तेवढं मला ऐकू आलं, "बंधी हुई है वो. मैंने बांधी है." त्यांनी कडीची गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण घोडी ओढून ओढून गाठ घट्ट बसली होती. शेवटी त्यांनी म्होरकीच तिच्या डोक्यावरून ओरबाडून काढली. घोडी सुटली, गल्लीतून उधळली आणि ओढ्याकडं गेली. चाचा देवळाच्या दारात जाऊन पडले. आतल्यांनी त्यांना आत ओढून दार लावलं.

किती वेळ गेला ते कुणालाच सांगता येत नाही. जो तो वेगळं सांगतो. हळूहळू टपटप कमी झाली. भाच्याने डोक्याला चादर गुंडाळून ट्रॅक्टर आणला, त्याच्या मागं ओला कडबा पेटवून धूर केला, आणि त्या धुराच्या आडोशाने लोकांनी अण्णाला आणि आत्याबाईंना उचललं. आत्याबाईंना थोड्याच चावल्या होत्या. अण्णाचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे बंद, ओठ काळे. नवरदेवाकडच्यांच्या गाडीत घालून त्याला उदगीरला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी हात लावून लगेच लातूरला न्यायला सांगितलं. भाचा सोबत गेला. चाचांनाही दुसऱ्या गाडीतून उदगीरला हलवलं.

राहिलेले आम्ही शाळेच्या वर्गात जमलो. प्रत्येकाच्या अंगावर गांधी उठलेल्या. कुणी चुना लावत होतं, कुणी कांदा चोळत होतं. गावातला दवाखाना चालवणारे डॉक्टर एकेकाला इंजेक्शन देत फिरत होते. नवरीचा वरचा ओठ सुजून नाकाला लागला होता. ती हळदीच्या साडीत बाकावर बसून होती.

मग प्रश्न निघाला की लग्नाचं काय करायचं. नवरदेवाचे वडील भले माणूस, त्यांनी सांगितलं की तुम्ही म्हणाल तसं. मुहूर्त टळत होता. काही जण म्हणाले की अपशकुन झाला, पुढं ढकला. काहींचं म्हणणं की ढकललं तर त्या पोरीच्या माथी कायमचं लागेल. भाचीने एकदाच तोंड उघडलं. "अप्पा आल्याशिवाय मी उभी राहणार न्हाई." वडलांना ती अप्पा म्हणते.

वहिनी माझ्याकडं बघत होती. निर्णय मी सांगावा असं तिला वाटत असावं, कारण अण्णाच्या खालोखाल घरात मोठी मीच. खिडक्या लावलेल्या, तरी काचेवर दोन-चार माश्या येऊन आपटत होत्या आणि प्रत्येक आवाजाला अख्खा वर्ग गप्प होत होता.

भाच्याचा फोन लातूरच्या वाटेवरून आला. मी स्पीकर लावला. तो म्हणाला की अप्पा शुद्धीवर आहेत, बोलायचं म्हणताहेत. मग अण्णाचा आवाज आला, तोंडात कापूस कोंबल्यासारखा. त्याला दोन शब्दांना दम लागत होता. तो भाचीला म्हणाला, "माय, अक्षता पडू दे. मला तेवढ्याची काळजी नको ठेवू." फोन बंद झाला.

तिसरीच्या वर्गात, फळ्यावर पाढे लिहिलेले असताना, दारं-खिडक्या बंद करून लग्न लागलं. अक्षता टाकताना कुणी हात फार उंच केला नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं लग्न लावणाऱ्या जंगमांनी आधीच सांगितलं होतं. कन्यादानाला मी आणि माझा नवरा बसलो. भाचीचा हात हातात घेतला तर तो सुजून गरम झालेला. पाठवणी शाळेच्या मागच्या दाराने झाली. डीजेची गाडी कधी निघून गेली कुणालाच कळलं नाही.

संध्याकाळी ओढ्याकडून गुराखी सांगत आला की घोडी पाण्यात पडली आहे. मेली होती. नाकपुड्या माश्यांनी भरलेल्या. म्होरकी निघाली तरी कपाळावर वेगळी बांधलेली आरशाची पट्टी तशीच होती.

मी दुसऱ्या दिवशी लातूरला गेले. अण्णाला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं की विष एवढं गेलंय की किडन्या काम करीनात, डायलिसिस करावं लागेल, काही सांगता येत नाही. भाचा बाहेरच्या बाकावर बसून होता. मी जवळ बसले तर म्हणाला, "आत्या, ड्रोन मीच सांगितला होता. डीजेचा विचार केला अन् त्याचा केलाच न्हाई." मी म्हणाले की मीही केला नव्हता, कुणीच नाही केला. त्याला ते पटलं नाही. तो उठून जिन्याकडं गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

अण्णाचा जीव टांगणीला असताना गावात वेगळंच शिजत होतं. पिंपळावर बरीच मोहोळं अजून तशीच होती. माश्या बिथरलेल्या, देवळाकडून जाईल त्याच्या मागं लागत. शाळा बंद ठेवावी लागली. गल्लीतल्यांनी दारं उघडणं सोडलं. दुकानही बंद. अशात पोरांनी ठरवलं की मोहोळं जाळायची. जाळली तर पिंपळ जळेल, देवळाचं लाकूड जळेल, म्हणून मग औषध मारायचं ठरलं. ट्रॅक्टरला लावायचा फवारणीचा मोठा पंप गावात होताच. भाच्याला कळलं तसा तो लातूरहून आला आणि म्हणाला की हे काम मी करणार.

मी त्याच्यासोबतच आले होते, दवाखान्यात लागणारी पांघरुणं न्यायला. देवळापासून लांब, आमच्या मागच्या अंगणात माणसं जमली होती. चाचाही आलेले होते, हाताला पट्ट्या, एक डोळा अजून बंद, घोडीवरून काढून ठेवलेलं खोगीर आणि झूल न्यायला आलेले. एकाने त्यांना विचारलं की तुमची घोडी गेली, तुम्हीच सांगा काय करायचं. चाचा म्हणाले, "मेरे को मत पूछो. मेरे को तो अभी सब जला डालने का मन है." आणि ते खोगीर उचलून टेम्पोत ठेवायला गेले.

मग वहिनी बोलली. माझा नवरा अण्णापाशी थांबला होता, म्हणून ती सकाळीच घरी आली होती, अंघोळीपुरती. स्वतःचा नवरा अतिदक्षतेत आणि ती मुलापुढं उभी. "माझं लग्न झाल्यापासून मी त्या झाडाखालून पाणी आणलं," ती म्हणाली. "डोक्यावर घागर, पाठीवर तू. एकदा चावली न्हाई. औषध मारू नको."

"आई, अप्पा मरायला टेकलेत."

"हाव. अन् ते उठले की पहिलं काय विचारतील ते तुला ठाऊक हाय."

मी तिथं उभी होते. खरं सांगायचं तर मला त्या वेळी दोन्ही वाटत होतं. वहिनीचं बरोबर होतं. आणि गल्लीत लेकरं घरात कोंडलेली होती हेही बरोबर होतं. कुणीतरी म्हणालं की वन खात्याला कळवू, मध काढणाऱ्यांना बोलवू, ते धूर देऊन हलवतील. दुसरं कुणी म्हणालं की ते येईपर्यंत दोघं-चौघं मरतील. बोलणं वाढत गेलं. शेवटी ज्यांच्या घरात लहान लेकरं होती त्यांचा आवाज मोठा झाला. वहिनी आत निघून गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दिवस मावळताना, माश्या पोळ्यावर परतल्यावर, त्यांनी फवारलं. सोयाबीनवरच्या अळीला मारायचं औषध, पण दाट केलेलं. त्याचा वास आमच्या मागच्या अंगणापर्यंत आला, घशात बसला. पिंपळाकडून पानं गळावीत तसा आवाज येत राहिला.

सकाळी देवळाचं अंगण काळं-पिवळं होतं. पाय ठेवायला जागा नाही. काही अजून जागच्या जागी गोल फिरत होत्या. वहिनी झाडू आणि घमेलं घेऊन गेली आणि एकटीच गोळा करू लागली. मी गेले, मग शेजारच्या दोघीतिघी आल्या. आम्ही तोंडाला पदर बांधले होते. देवळामागं खड्डा करून घमेली ओतली. पुढच्या दिवसांत माश्या टिपायला तारेवर बसणारे वेडे राघू खाली पडलेले सापडले, हिरवेगार, चोचीत माशी. देवळाच्या हौदाचं पाणी उपसून टाकावं लागलं, कारण फवारा त्यात उतरला होता आणि त्या हौदावर गुरं यायची. त्या उन्हाळ्यात मी दोनदा गावी गेले, दोन्ही वेळा हौद कोरडाच होता.

अण्णा वाचला. डायलिसिस बरेच दिवस चाललं, मग किडन्या हळूहळू सुरू झाल्या. घरी आला तेव्हा अंगावर कपडे लोंबत होते. डॉक्टरांनी सांगितलं की आता एक माशी चावली तरी धोका, इंजेक्शन कायम जवळ ठेवा. दुकानाची पायरी चढताना त्याने पिंपळाकडं पाहिलं. वहिनीने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं, तरी तो बराच वेळ बघत उभा राहिला. आत आला, गादीवर बसला. भाच्याला काहीच बोलला नाही. त्या न बोलण्याने पोरगा अर्धा झाला. पुण्याला परत जायचं लांबवत राहिला, बापाच्या मागं मागं फिरायचा.

एके दुपारी गिऱ्हाईक नसताना अण्णाने त्याला विचारलं की त्या दिवशीचं शूटिंग आहे का. भाचा म्हणाला की शूटिंगवाल्याने ड्रोनमधलं कार्ड काढून पाठवलंय, पण मी पाहिलं नाही. अण्णा म्हणाला, "लाव."

मीही होते. तिघं मोबाईलवर वाकलो. वरून गाव दिसत होतं, आमचं पत्र्याचं छप्पर, मुंगीएवढं वऱ्हाड, घोडीचा पांढरा ठिपका. मग पिंपळ आला. कॅमेरा फांद्यांमधून खाली जात होता आणि मोहोळं समोर आली. इतक्या जवळून आम्ही ती कधी पाहिली नव्हती. काळी नव्हतीच ती. सोनेरी, तपकिरी, हजारो पंख एकावर एक. ड्रोन जवळ आला तशी त्यांच्यावरून एक लाट गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, उन्हात झळाळत. परत एक. परत एक.

"सांगून ऱ्हायल्यात की," अण्णा म्हणाला. "मागं हट म्हणून सांगून ऱ्हायल्यात."

मग चित्र हललं, फांदी दिसली, आकाश, आणि काळोख. भाच्याने फोन पालथा ठेवला. त्याच्या खांद्यावर अण्णाने हात टाकला आणि तसाच ठेवला. गिऱ्हाईक आलं तेव्हा तो हात काढून उठला.

पुढच्या थंडीत पिंपळावर एकही मोहोळ बसलं नाही. अण्णा म्हणायचा की दुकानात बसलं की कान वाजतात. गुणगुण नसल्याने वाजतात. करडईला बोंडं धरली पण दाणे भरले नाहीत, असं शिवारातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. कुणी पावसाला दोष दिला, कुणी बियाण्याला.

यंदा माश्या आल्या. पिंपळावर नाही. गावाच्या वरच्या अंगाला पाण्याची नवी उंच टाकी आहे, तिच्या गोल पोटाखाली सिमेंटला लटकून बसल्या. पाणी सोडायचं चाक टाकीच्या पायथ्याशी आणि जिना मोहोळांच्या बाजूने जातो. टाकी धुवायला, पावडर टाकायला वर जायची कुणाची छाती होईना. ग्रामपंचायतीत पुन्हा फवारणीचं निघालं. तेव्हा अण्णा काठी टेकत सभेला गेला. तो वादावादीत पडणारा माणूस नव्हे. त्याने एवढंच विचारलं की ते औषध टाकीत उतरलं तर आपण काय पिणार. सभा गप्प झाली. माश्यांवरच्या मायेने कुणी गप्प झालं, असं मी म्हणणार नाही. पाण्याला भिऊन झाले. पण फवारलं नाही.

आता त्या रस्त्याला ट्रॅक्टरवाले टेप बंद करतात. डीजे त्या अंगाला येऊच देत नाहीत. पाणी सोडणारा पहाटे अंधार असताना चाक फिरवून येतो. टाकी धुतली जात नाही म्हणून प्यायला बरीच घरं जारचं पाणी घेतात. अण्णा खिशात इंजेक्शन ठेवतो आणि त्या रस्त्याने जातच नाही.

संक्रांतीला मी गेले होते. हळदीकुंकवाला आम्ही पाच-सहा बायका वरच्या आळीला निघालो, आणि टाकीखालून जाताना माझ्या पर्समध्ये फोन वाजला. नांदेडहून गिऱ्हाइकाचा, ब्लाऊज कधी मिळेल म्हणून. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. वहिनीने माझं मनगट धरलं. वर पाहिलं तर एका मोहोळावरून लाट गेली. मी पर्सची चेन उघडत होते आणि ती अडकत होती. फोन वाजतच होता. शेवटी मी पर्स तशीच पोटाशी घट्ट दाबून धरली, आवाज कोंडावा म्हणून, आणि आम्ही वाट बघत उभ्या राहिलो.

फोन थांबला. वर अजून एक लाट गेली, आधीपेक्षा संथ. मग काही हललं नाही.

"चल," वहिनी हळूच म्हणाली. "पाय वाजवू नको."